रिकाम्या मजल्यांचं बिल

बाणेरच्या एका व्यापारी इमारतीत दोन हजार चौरस फुटांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई मार्चएन्डनंतर फाईल घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. मालकाच्या कंपनीनं मेंटेनन्सच्या फरकापोटी 1,62,000 रुपये मागितले होते, वर 18 टक्के जीएसटी. इतर बहुतेक व्यावसायिकांना हा जीएसटी इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे स्वतःच्या विक्रीवर भरायच्या जीएसटीतून, वळता करता येतो. डॉक्टरांची सेवा करमुक्त, त्यामुळे त्यांना तो पदरचाच भरावा लागतो.

चौरस फुटाला महिना 12 रुपये बाई आगाऊ भरतच होत्या, म्हणजे वर्षाचे 2,88,000. मी खर्चाचा तपशील मागवला. एकपानी तक्ता आला: वॉचमन, हाउसकीपिंग, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल करार), डिझेल, जनरेटर, सामाईक वीज, सगळं मिळून 90 लाख. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भागिले 40,000'. इमारत तर 60,000 चौरस फुटांची! वरचे मजले वर्षभर गिऱ्हाईक नसल्यानं रिकामे होते आणि त्यांचा वाटा खालच्यांच्या माथी मारला होता.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "सर, रिकाम्या मजल्यावर लिफ्ट तरी जाते का?"

लिफ्ट कमी फिरली असेल तर विजेचं बिलही तेवढं कमी आलं. ती बचत 90 लाखांच्या आकड्यात आधीच धरली गेली आहे. वॉचमनचा पगार मात्र मजले रिकामे म्हणून घटत नाही. मजला भाड्यानं गेला की भाडं मालकाचं, नाही गेला की झळ इतर भाडेकरूंना, हा न्याय मला मान्य नाही. मी करारातलं कलम वाचून दाखवलं: 'इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या प्रमाणात'. मॅनेजर गप्प झाले.

मग व्हाउचर उघडली. 'जनरेटर' या नावाखाली 12 लाख होते, आणि ते नव्या यंत्राच्या खरेदीचे. जुन्याची दुरुस्ती असती तर मी हरकत घेतली नसती. नवा जनरेटर ही मालकाची मालमत्ता; दवाखाना हलवताना बाई तो उचलून नेणार आहेत का?

उरले 78 लाख. भागिले 60,000, म्हणजे फुटाला 130 रुपये. बाईंचा वाटा 2,60,000. देणं तर सोडाच, उलट 28,000 रुपये त्यांचेच निघत होते.

जादा घेतलेली रक्कम बाईंच्या खात्यात जमा धरल्याची क्रेडिट नोट हातात पडायला बराच पाठपुरावा करावा लागला. तोवर तळमजल्यावरचे औषधवाले आणि शेजारचे दातांचे डॉक्टर आपापली बिलं घेऊन आले होते. त्यांच्या तक्त्यांच्या तळाशीही 40,000च होते.