कणकुंबीचं तिकीट

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या खोलीवर चित्र करून घ्यायला येणारे बहुतेक जण मोबाइलमधला फोटो पुढे करतात. खानापूरकडच्या त्या काकूंनी बटव्यातून कन्नडमध्ये छापलेलं बसचं तिकीट काढलं, आणि स्टीलच्या डबीतून कणकुंबीची तांबडी माती. काकांबरोबर जांबोटीवरून माउली देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या, मलप्रभा उगम पावते तिथं. दोघांचा तो शेवटचा प्रवास.

"त्या दिवसाचं चित्र पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

माती पाण्यात कालवली, खडे तळाला बसू दिले, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवलं. वाळलेला गाळ मलमलीतून चाळून ॲक्रिलिक मीडियममध्ये घोटला. आमच्या जांभ्या मातीची ही तांबडी झाक ट्यूबमधल्या कुठल्याच रंगाला येत नाही. प्लायवर गेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, टेक्श्चर पेस्टने डोंगराची धार, त्या मातीचा रस्ता. डोंगरांचा हिरवा रंग मात्र फोटो बघून भरला.

शेवटी रस्त्याच्या कडेला तिकीट चिकटवलं. लवकर वाळावं म्हणून हेअर ड्रायर धरला, आणि डोळ्यांदेखत ते काळं पडत गेलं. थर्मल कागदावर शाई नसतेच. उष्णतेने वरचा लेप काळा होतो, अक्षरंही तशीच उमटतात. हे मला माहीत असायला हवं होतं. आधी साधा फोटोही काढून ठेवला नव्हता.

काकूंना बोलावून घेतलं. त्यांनी तिकिटावरून बोट फिरवलं.

"गेली होय सगळी अक्षरं?"

"होय काकू. माझ्या हातनं चूक झाली."

बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण हे डोंगर कुठले गं? त्या दिवशी कुठं दिसले डोंगर! नुसतं धुकं. हे आपले रुमालानं खिडकीची काच पुसत बसलेले."

तिकिटापेक्षा हे जास्त लागलं. मी त्यांना त्या दिवसाबद्दल काही विचारलंच नव्हतं. मग विचारलं, आणि त्या तासभर बोलल्या.

दुसऱ्या दिवशी पातळ टिश्यू फाडून डोंगरांवर चिकटवला, वरून पाण्यासारखा पांढरा रंग. ओला असतानाच तळहाताएवढी जागा फडक्याने पुसली. तेवढ्यातून खालचा हिरवा दिसू लागला. या वेळी वाऱ्यावरच वाळू दिलं. तिकीट होतं तिथंच ठेवलं.

चित्र न्यायला आल्या तेव्हा काकूंनी आधी डबी मागितली. "माती उरली असली तर घाल गं त्यात."