‘पूर्णब्रह्म’ म्हणजे कोणता देव?

श्रावणातल्या एका सोमवारी पंचवटीतल्या आमच्या घरी पंगत बसली होती. श्लोक म्हणून झाला आणि वरणभातावर तूप पडण्याची वाट पाहता पाहता सात वर्षांच्या भाचीने विचारले, “मामा, पूर्णब्रह्म म्हणजे कोणता देव?” काळाराम, कपालेश्वर आणि सुंदरनारायण यांच्या शेजारात वाढणाऱ्या मुलीला ते नाव कुठल्या तरी देवळातले वाटले, यात तिचे काही चुकले नाही. मी म्हणालो, “देव तो, देवी ती आणि ब्रह्म ते.”

उत्तर पळवाटीचे होते, पण व्याकरण खरे होते. वेदान्ताचे ब्रह्म, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेले तत्त्व, संस्कृतातही नपुंसकलिंगी आहे. चार मुखांचा, सृष्टी घडवणारा ब्रह्मा हा पुल्लिंगी आणि वेगळा. ‘बृह्’ म्हणजे वाढणे, विस्तारणे, या धातूपासून ‘ब्रह्म’ हा शब्द आला. हे तत्त्व निर्गुण की सगुण, यावर शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांच्या परंपरांत मोठा वाद झाला. त्यात शिरण्याची माझी तयारी नाही.

खरे सांगायचे तर श्लोकातली ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ ही ओळ मी कितीतरी वर्षे खानावळीच्या भिंतीवरची पाटी म्हणूनच वाचत होतो, म्हणजे ताटात टाकू नका, एवढाच तिचा अर्थ. तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली वाचल्यावर तो समज गेला. तिथे भृगू आपल्या वडिलांना, वरुणाला, ब्रह्म शिकवा म्हणतो. वरुण व्याख्या सांगत नाही, खूण सांगतो: ज्यातून ही भूते, म्हणजे सगळे जीव, जन्मतात, ज्याच्यामुळे जगतात आणि शेवटी ज्यात शिरतात, ते जाणून घे. भृगू तप करतो आणि त्याला कळते की अन्न हेच ब्रह्म. तो परत येऊन पुन्हा शिकवा म्हणतो, वडील पुन्हा तपाला पाठवतात. मग प्राण, मग मन, मग विज्ञान (म्हणजे इथे बुद्धी), आणि दर वेळी तीच फेरी. पाचव्या खेपेस त्याला आनंद हे ब्रह्म असल्याचे कळते, आणि त्यानंतर तो वडिलांकडे परत गेल्याचा उल्लेखच नाही. उपनिषदाने याबद्दल एक शब्दही खर्चलेला नाही, आणि मला तीच जागा सर्वांत आवडते. लगेच पुढे व्रत येते, ‘अन्नं न निन्द्यात्’, अन्नाची निंदा करू नये. म्हणजे पहिली पायरी ओलांडली म्हणून ती खोटी ठरत नाही.

आमच्या नाशकात याची आठवण टाकळीला होते. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमापाशी समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले. पुढे दासबोधाच्या सातव्या दशकात त्यांनी शब्दब्रह्मापासून अनिर्वाच्य, म्हणजे शब्दांत न सांगता येणाऱ्या, ब्रह्मापर्यंत चौदा ब्रह्मे मोजली आणि ती सगळी मायिक, म्हणजे मायेतलीच, ठरवून शाश्वत ब्रह्म त्यांच्यापलीकडे ठेवले. ‘अनिर्वाच्य’ हेसुद्धा शेवटी एक नावच, म्हणून तेही सुटले नाही. आणि त्याच टाकळीच्या मठात गोमयाचा मारुती आहे, जो समर्थांनी स्वतः घडवला असे परंपरा सांगते. नावे इतक्या कठोरपणे बाजूला सारणाऱ्या माणसाला शेणाची मूर्ती घडवायला अडचण वाटली नाही, याचे मला पूर्वी नवल वाटे. भृगुवल्लीनंतर वाटेनासे झाले.

भाचीचे मात्र माझ्या उत्तराने समाधान झाले नव्हते. “मग ते जेवतं का?” असा तिचा पुढचा प्रश्न आला. माझ्याकडे उत्तर नव्हते. शेजारी वडिलांनी ताटाभोवती पाणी फिरवले, आपोशन घेतले आणि ते भाताची चार-चार शिते उचलून प्राणाहुती घेऊ लागले: प्राणाय स्वाहा, अपानाय, व्यानाय, उदानाय, समानाय. सहाव्या आहुतीला ते थांबले, नातीकडे पाहत जरा मोठ्याने ‘ब्रह्मणे स्वाहा’ म्हणाले आणि ती शिते त्यांनी स्वतःच्याच तोंडात घातली.