चेन पडली की

सायकलची चेन पडते तेव्हा ते आधी पायाला कळतं. पेडल एकदम पोकळ होतं, तोल जाता जाता सावरतो, आणि मग तो खर्रर्र आवाज. नाशिकहून निघून त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या अलीकडे चढ जाणवायला लागला की हे हमखास होतं. पायाचा सगळा जोर चेनवर असताना पुढच्या चक्राचा गिअर टाकला, तर ताणलेली चेन चक्राचे दात सोडते आणि आत फ्रेमपाशी जाऊन पडते. चढ लागायच्या आधी, जोर ढिला करून गिअर टाकायचा असतो. ठाऊक सगळ्यांना असतं, आठवतं मात्र चेन पडल्यावर.

नाशिक हे महाजन बंधूंचं गाव. २०१५ साली त्या दोघा डॉक्टर भावांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. पण त्यांच्यामागे मदतीची गाडी होती. तुमच्याआमच्यामागून येते ती त्र्यंबकची एसटी, आणि ती हॉर्न वाजवून निघून जाते. थांबतो तो दुसरा सायकलवालाच. किंवा सायकलवाली, चेन बसवायला पुरुषच लागतो हा समज चेनचा नाही.

कांदेपोह्यांच्या बैठकीत तासाभरात जे कळत नाही, ते या पाच मिनिटांत कळतं. एक जण न विचारता हातातून सायकल ओढून घेतो. दुसरा "ऑइल कधी घातलं होतं?" असा पंचनामा सुरू करतो. तिसरा चेन झकास बसवतो आणि लगेच मोबाइल नंबर मागतो. ती मदत नव्हे, ते भाडं झालं. "हात लावू का?" एवढंच विचारून वाट बघणारं माणूस विरळा.

काम तसं सोपं आहे. गिअरचा खटका सगळ्यात लहान पुढच्या चक्राच्या जागी आणायचा. मागच्या दातेरी चक्रांखाली लोंबणारा डिरेलर, म्हणजे चेन ताणून धरणारा हात, पुढे ढकलून धरला की चेन सैल पडते. मग ती खालच्या बाजूने धरून पुढच्या चक्राच्या खालच्या दोन-तीन दातांत अडकवायची आणि पेडल सावकाश उलटं फिरवायचं. अर्ध्या फेऱ्यात ती आपसूक वर चढते. जुन्या बिनगिअरच्या सायकलीलाही हीच युक्ती चालते. तिथे चेन वारंवार पडत असेल, तर ती मधोमध बोटाने दाबून बघावी. दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर मागचे नट सैल करून चाक थोडं मागे ओढायचं, दोन्ही बाजूंनी सारखं. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि ब्रेकला घासतं.

यात एक नियम मोडायचा नाही. चेनला ज्याचा हात, पेडलही त्याच्याच हातात. दुसऱ्याने सीट आणि हँडल धरून गप्प उभं राहायचं. मदतीच्या उत्साहात त्याने पेडल फिरवलं, तर चेन आणि दातांच्या मध्ये बोट सापडतं, आणि नखाखालून जे रक्त येतं ते लवकर थांबत नाही. शेजारी उभं राहून काहीही न करणं किती जणांना जमतं, हे बघण्यासारखं असतं.

मग उरतात काळे हात. इथे बहुतेक जण चुकतात आणि बाटलीतलं पाणी ओततात. पाण्याने ग्रीस विरघळत नाही, नुसतं मनगटापर्यंत पसरतं. आधी कोरडी माती किंवा वाळका पाला चोळावा, मग खोबरेल. तेलात ग्रीस सुटतं, ते कागदाला पुसून टाकायचं आणि साबण शेवटी. पण खोबरेल बरोबर घेऊन सायकलवर निघतं कोण? ज्याची चेन गेल्या रविवारी कुणीतरी बसवून दिली होती, ते माणूस निघतं. औषधाची रिकामी, पन्नास मिलिची बाटली, तेलाने अर्धी भरलेली. सोमेश्वरच्या पुढे तोच चेहरा पुन्हा दिसला तर असावी म्हणून.

पुढचं वर्षानुवर्षांचं आहे आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. प्रत्येक कडीवर आतल्या बाजूने चेनच्या तेलाचा एकेक थेंब, पेडलचे उलटे फेरे, आणि बाहेरचं तेल फडक्याने पुसून घेणं, कारण त्यावर गंगापूर रोडची सगळी धूळ बसते. मधूनमधून पट्टी लावून एका पिनेपासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर मोजायचं. नव्या चेनचं ते बरोबर बारा इंच भरतं. एक-सोळांश इंच वाढलं की चेन बदलावी. कंजूषपणा करून वापरत राहिलं तर दातही झिजतात, आणि त्यांच्यावर नवी चेन बसवली तरी घसरते.

ती बाटली मात्र हिवाळ्यात छळते. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठू लागतं, आणि जानेवारीत नाशिकची पहाट पुष्कळदा दहाच्याही खाली उतरते. सीटखालच्या पिशवीत ठेवलं तर ऐन वेळी पांढरा खडा मिळतो. बाटली उलटी करा, आपटा, थेंब येत नाही. म्हणून त्या दिवसांत ती स्वेटरच्या आत, अंगाला लागून ठेवावी लागते. चेन आपली पडो की दुसऱ्याची, तेल पातळ असायला हवं.