आमची वाटचाल: व्हिडिओच्या मिनिटांपासून सरावाच्या संचांपर्यंत

आधी कॉलेजांसाठी नोट्सचं टायपिंग आणि छपाई, मग ऑनलाइन अभ्यासक्रमांची निर्मिती आणि आता तयार अभ्यासक्रमांची फेरबांधणी, असा आमच्या फर्मचा प्रवास आहे. २०२० मध्ये ऑनलाइनचं काम एकदम वाढलं तेव्हा बाजारात दर होता व्हिडिओच्या मिनिटाला. त्या दरानेच अभ्यासक्रमांचा साचा ठरवला: लांबलचक व्याख्यानं, खाली पीडीएफ आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी. काही विषयांत हे निभावून जातं. ‘चिकित्सक विचार’ या विषयात नाही, कारण तिथे ऐकून फारसं काही येत नाही, करून पाहावं लागतं.

हा विषय दोन क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा. आम्ही त्यांचे तीन-तीन तासांचे दहा घटक करतो. एका घटकात १५ मिनिटं व्हिडिओ (दोन तुकड्यांत), २५ मिनिटं वाचन, ६० मिनिटं सराव, ५० मिनिटं लेखन आणि ३० मिनिटं दुसऱ्यांचं लेखन तपासणं. जुना मजकूर यात कोंबायचा नसतो. व्याख्यानांचा बराच भाग गळतो, आणि प्राध्यापकांशी सगळ्यात जास्त वाटाघाटी इथेच होतात.

पहिली कात्री तर्कदोषांच्या, म्हणजे युक्तिवादातल्या ठरावीक चुकांच्या, यादीला. वीस-पंचवीस नावं पाठ केलेला विद्यार्थी दिसेल त्या विधानाला लेबल लावत सुटतो. हृदयविकाराबद्दल हृदयरोगतज्ज्ञाचा दाखला दिला तरी त्याला तो दोषच वाटतो. म्हणून आम्ही सात-आठ दोषच ठेवतो आणि सरावाच्या संचातले निम्मे युक्तिवाद मुद्दाम निर्दोष लिहितो. सगळेच सदोष असतील, तर न वाचता ‘दोष आहे’ म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात.

खरी मेहनत लागते ती न बोललेलं आधारविधान बाहेर काढायला. त्यासाठी न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतलं पंचावयवी वाक्य फार उपयोगी पडतं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. यातला तिसरा अवयव सामान्य नियम उघडपणे मांडायला लावतो. समजा, युक्तिवाद असा आहे: ‘वसतिगृहात आरओ बसवल्यापासून पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, म्हणजे आरओचाच गुण.’ या पाच अवयवांच्या तक्त्यात तिसऱ्या रकान्यात विद्यार्थ्याला लिहावं लागतं, ‘जे केल्यानंतर तक्रार कमी होते, त्यामुळेच ती कमी होते.’ हे स्वतःच्या अक्षरात वाचलं की तोच थबकतो. मग पुढची माहिती द्यायची: आरओ ऑक्टोबरात बसला, पावसाळा सरल्यावर.

संभाव्यतेचे प्रश्न टक्क्यांत विचारू नयेत. आजार १ टक्का लोकांना, चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९ टक्के निरोगी लोकांनाही पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेला माणूस आजारी असण्याची शक्यता किती? उत्तर सहसा ‘९० टक्के’ येतं. तोच प्रश्न १००० माणसांवर मांडा: १० आजारी, त्यांतले ९ पॉझिटिव्ह, ९९० निरोगी, त्यांतले सुमारे ८९ पॉझिटिव्ह. म्हणजे ९८ पॉझिटिव्हांत आजारी फक्त ९.

इंग्रजी प्रश्नसंच भाषांतरित करून घेण्याचा आग्रह होतो, तो आम्ही मानत नाही. मराठीत अर्थ ‘च’च्या जागेवर फिरतो. ‘नापास झालेलेच विद्यार्थी फेरपरीक्षेला बसतात’ आणि ‘नापास झालेले विद्यार्थी फेरपरीक्षेला बसतातच’ ही दोन वेगळी विधानं आहेत. भाषांतरात ही जागा चुकली की उत्तरसूचीच चुकीची ठरते.

चाचण्यांसाठी मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या सॉफ्टवेअरमधलं खात्रीवर आधारित गुणदान वापरतो. उत्तरासोबत खात्री कमी, मध्यम की जास्त ते सांगायचं. बरोबर असेल तर १, २, ३ गुण. चूक असेल तर ०, उणे २, उणे ६. हिशेब केला तर ८० टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच ‘जास्त’ निवडणं परवडतं. मात्र पहिल्या दोन चाचण्यांचे गुण धरायचे नाहीत, नाहीतर उणे ६ पाहून वर्ग बिथरतो आणि मग सगळे जण ‘कमी’वरच राहतात.

एकमेकांचं लेखन तपासण्यासाठी मूडलचं ‘वर्कशॉप’ आहे. मूळ मांडणीत ८० गुण लेखनाला आणि २० गुण तपासणीला असतात. सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, ही इथली नेहमीची गत. निकष ‘युक्तिवाद प्रभावी आहे का?’ असा मोघम असेल तर दुसरं काय होणार! ‘विरोधी मुद्दा एका वाक्यात मांडला आहे का?’ असा निकष लिहा, आणि खरी तपासणी सुरू होण्याआधी दोन नमुना उत्तरं तपासणं सक्तीचं करा. लेखनाची वाटणी मुदत संपल्यावरच करावी आणि प्रत्येकाला तीन लेख द्यावेत. एखादा तपासनीस गळाला तरी दोन मतं हातात राहतात.

चॅटजीपीटी आल्यापासून घरून येणाऱ्या लेखनात कमालीचा गुळगुळीतपणा आला. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर आमचा भरवसा नाही. त्याऐवजी त्या आठवड्यातलं स्थानिक वृत्तपत्राचं कात्रण, त्यावर हाताने काढलेला युक्तिवादाचा आराखडा, त्याचा फोटो आणि पाच मिनिटांचे तोंडी प्रश्न असं करतो. साठ विद्यार्थ्यांचे पाच तास होतात. कॉलेजने ते वेळापत्रकात आधीच धरायला हवेत.

तांत्रिक बाजू थोडक्यात. विद्यार्थी फोनवर शिकतात, म्हणून व्हिडिओ ४८०पीचा आणि ओढून-जोडण्याऐवजी यादीतून निवडण्याचे प्रश्न. जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर युनिकोड केल्यावर रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात, त्यामुळे मुद्रितशोधनाचा खर्च वेगळा धरतो.

आता आमचा दर सरावाच्या संचाला आहे. एका संचात बारा युक्तिवाद आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाला ‘तो का चुकला’ याचा स्वतंत्र प्रतिसाद. ‘चूक, पुन्हा वाचा’ एवढंच लिहिलेला प्रतिसाद आमच्याकडे प्रतिसाद धरला जात नाही, आणि त्याचे पैसेही लागत नाहीत. व्हिडिओचा दर वेगळा लावत नाही. तो लावला की पुन्हा मिनिटं वाढायला लागतात.