पार्ल्यातला वन बीएचके आणि शेअर सर्टिफिकेटवरचं नाव

विलेपार्ले पूर्वेला जुन्या सोसायटीतला रिसेल वन बीएचके घेताना घर शोधणं, कर्ज, रजिस्ट्रेशन यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते सोसायटीत. करारनामा नोंदला गेला, किल्ली हातात आली, मेंटेनन्स भरणं सुरू झालं, तरी शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीचं सदस्यत्व दाखवणाऱ्या दाखल्याच्या, मागच्या बाजूला माझं नाव काही चढेना. आणि बँकेला तेच सर्टिफिकेट हवं होतं.

पहिली अडवणूक पैशाची. कमिटीने एक आकडा तोंडी सांगितला. बिल्डिंगच्या दुरुस्तीसाठी 'स्वेच्छेने' द्यायचा, आणि तो दिला की ट्रान्स्फर मीटिंगपुढे येईल. महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियमची, म्हणजे सदस्यत्व नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशापासून ती तशीच आहे. त्याशिवाय 500 रुपये ट्रान्स्फर फी आणि 100 रुपये प्रवेश फी. बस्स. देणगी, विकास निधी, रंगकाम, कोणतंही नाव द्या, ट्रान्स्फरच्या बदल्यात याहून जास्त मागता येत नाही. 25,000 हीसुद्धा वरची मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. प्रत्यक्ष रक्कम सर्वसाधारण सभेने ठरवलेली असावी लागते. घर कुटुंबातल्या माणसाच्या, वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर होत असेल तर प्रीमियम लागतच नाही.

आकडा कायम तोंडी सांगतात, कारण तो कागदावर आला की उपनिबंधकांना, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना, दाखवता येतो. म्हणून वाद न घालता साध्या भाषेत पत्र द्यावं: ही रक्कम सोसायटीच्या कोणत्या उपविधीनुसार (नियमानुसार), कोणत्या तारखेच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार, आणि पावती कोणत्या शीर्षकाखाली मिळेल? या तीन प्रश्नांचं लेखी उत्तर कोणतीच कमिटी देत नाही. माझ्या पत्रानंतर देणगीचा विषय पुन्हा निघाला नाही. मग मात्र अर्जच स्वीकारेनात.

सेक्रेटरी गावाला गेलेत, शिक्का अध्यक्षांकडे आहे, पुढच्या मीटिंगला बघू. या टोलवाटोलवीचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तिच्यामागे हिशोब असतो. सदस्यत्वाच्या अर्जावरचा निर्णय सोसायटीने अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. नाही कळवला तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जातं. पोचच दिली नाही तर हे तीन महिने सुरू कधी झाले? म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का यांशिवाय अर्ज हातात देऊ नये. देत नसतील तर त्याच दिवशी सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह पोस्टाने पाठवावा. शिवाय ईमेल. व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर विसंबू नये.

अर्ज अर्धवट असला की कमिटीला आयतं कारण मिळतं. आदर्श उपविधींना, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांना, फॉर्मची परिशिष्टं जोडलेली आहेत: विकणाऱ्याची सूचना परिशिष्ट 20(1) मध्ये, घेणाऱ्याची संमती 20(2) मध्ये, शेअर हस्तांतराचा अर्ज परिशिष्ट 21 मध्ये. सोबत नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा), मूळ शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा पुरावा आणि फीचे चेक. सगळ्याला एक कव्हरिंग लेटर, त्यात प्रत्येक कागदाची अनुक्रमाने यादी, चेक नंबरासकट. फी रोख देऊच नये. मूळ सर्टिफिकेट देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवावी.

माझी गाडी अडली ती सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूवर. तिथे प्रत्येक ट्रान्स्फरची तारीख, क्रमांक, नव्या सदस्याचं नाव आणि अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटी सदस्य अशा तिघांच्या सह्या असतात. आमच्याकडे मधल्या एका जुन्या ट्रान्स्फरला दोनच सह्या होत्या. कमिटी म्हणाली, आधी ते नीट करून आणा. आणायचं कुठून? ती नोंद सोसायटीने केलेली, रेकॉर्ड सोसायटीच्या कपाटात, आणि तेव्हाचे पदाधिकारी कधीच सोडून गेलेले. अशा वेळी विकणाऱ्याला पुढे करावं लागतं, कारण नाव बदलेपर्यंत सदस्य तोच असतो आणि रेकॉर्ड पाहण्याचा हक्क त्याचा. आमच्या विकणाऱ्यांनी त्या जुन्या सभेच्या इतिवृत्ताची आणि सदस्यांच्या रजिस्टरची, म्हणजे 'आय' आणि 'जे' नमुन्यांची, प्रमाणित प्रत लेखी मागितली. इतिवृत्तात ठराव सापडला. मग सध्याच्या कमिटीने जुनी नोंद कायम करण्याचा ठराव करायचा आणि राहिलेली सही करायची, इतकंच काम उरतं. तेही पुढच्या मीटिंगवर ढकललं गेलं, तेव्हा पुढच्या पत्राच्या तळाशी एक ओळ घातली: 'प्रत माहितीसाठी: उपनिबंधक, सहकारी संस्था, के पूर्व विभाग'. ती प्रत खरोखर तिथे देऊन तिचीही पोच घेतली. त्यानंतर विषय अजेंड्यावर आला, ठराव झाला, प्रीमियम चेकने दिला, पावती मिळाली आणि सह्या झाल्या. त्या दिवशीची सुटका शब्दांत सांगता येणार नाही. या प्रतीनेही काम झालं नाही, तर तीन महिने उलटल्यावर त्याच कार्यालयात सदस्यत्व मानीव धरण्यासाठी अर्ज करता येतो.

टोकन देण्याआधीच शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू बघायला मागा. फ्लॅटच्या फरशीआधी ती बघा. आणि प्रीमियम कोण भरणार हे करारनाम्यात लिहून घ्या. निम्मं-निम्मं हा नुसता रिवाज आहे, नियम नाही.

विक्रीसाठी सोसायटीची एनओसी लागते, हा समज पार्ल्यात घट्ट आहे. आदर्श उपविधींप्रमाणे ती लागत नाही. पण कर्ज असेल तर बँक मागते, म्हणून मागावी लागते, आणि मागितल्यावर कमिटीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. हा अर्ज बँकेच्या मंजुरीची वाट न बघता आधीच टाकावा.

जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे लागतात. 10 डिसेंबर 1985 पूर्वीचा करार पाच रुपयांच्या स्टॅम्पवर दिसला तर दचकू नका. ताब्यासह केलेल्या विक्री करारावर खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटी लागू झाली ती त्या तारखेपासून. मधला एखादा करार हरवला असेल तर वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, त्याचा वेळ धरून चला. मुंबईत स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर 5. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा.

पुनर्विकासाच्या आशेने इथे घर घेणाऱ्यांनी विमानतळाच्या फनेलची, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्याची, चौकशी जरूर करावी. उंचीची मर्यादा असल्यामुळे कित्येक तीन-चार मजली बिल्डिंगींचं गणित बिल्डरला जमत नाही. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे का, हे मालमत्ता पत्रकावर कळतं. बिल्डिंग तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा आणि त्यात सुचवलेल्या दुरुस्तीची वर्गणी पुढे कोणाच्या माथी येणार ते विचारा.

सर्टिफिकेट हातात आल्यावर बँकेला मूळ प्रत देण्याआधी नॉमिनेशन उरकून घ्या. फॉर्म परिशिष्ट 14, तीन प्रतींत. पहिल्या नॉमिनेशनला फी नाही. एक प्रत नोंद क्रमांक आणि शिक्क्यासह परत मागून घ्या.