आमची वाटचाल : स्क्रेपरपासून सर्वोपर्यंत

वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणारी लहान-मोठी शेडं उभी राहिली. अशाच एका शेडात मी फिटर म्हणून लागलो. एचएमटीच्या मिलिंग मशीनच्या स्लाइड स्क्रेप करायच्या, म्हणजे हातानं खरवडून सपाट करायच्या, जिब (स्लाइडच्या फटीतल्या पाचरी) आवळायच्या, टेबल सरकवणाऱ्या लीडस्क्रूचा प्ले (ढिलाई) काढायचा. पुढे स्वतःचं शेड भाड्यानं घेतलं, तरी काम तेच राहिलं.

त्या मशीनचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. स्लाइड नीट केल्या की मशीन पुन्हा उभं राहतं. म्हणून एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, यालाच सीएनसी करून द्या की, नवीन घ्यायची ऐपत नाही आपली," तेव्हा मी लगेच हो म्हणालो. सीएनसी म्हणजे हँडल हातानं फिरवण्याऐवजी कंट्रोलरच्या हुकमावर मोटरनं टेबल चालवायचं.

पहिल्या कामाला मोटर किलोवॅट बघून घेतली. 750 वॅटची सर्वो (हुकमाप्रमाणे नेमकी फिरणारी मोटर) 2.39 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, देते. 5 मिमी पिचच्या (एका फेऱ्यात टेबल 5 मिमी सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूवर, म्हणजे आट्यांत गोळ्या असलेल्या स्क्रूवर, त्याचा जोर पावणेतीनशे किलोच्या आसपास होतो, म्हणजे भरपूर. पण मोटर चालू केली की टेबल घरघरायचं. गेन (चूक सुधारायला मोटर किती जोर लावते ते सेटिंग) कमी केला की घरघर थांबायची, आणि गोल कापलेलं मग गोल यायचं नाही. खूप दिवसांनी कागदावर इनर्शिया, म्हणजे वेग बदलताना वस्तूचा होणारा विरोध, मांडला. 32 मिमी जाडीचा मीटरभर स्क्रू मोटरला दोनशे किलोच्या टेबलापेक्षा सहापट जड पडत होता! आम्ही सगळे टेबलाच्या वजनाकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून मीडियम इनर्शियाची, म्हणजे जड रोटरची मोटर घेतो. ती जाडजूड असते, ब्रॅकेट नवीन करावं लागतं, पण टेबल शांत चालतं.

दुसरं मशीन मात्र आयुष्यभर लक्षात राहील. मोटर फिरवणारा ड्राइव्ह एका दुकानातून, त्याला हुकूम देणारा कंट्रोलर दुसरीकडून. दोन्हीकडे विचारलं होतं, दोन्हीकडून उत्तर आलं, "पल्सवरच चालतं, जुळेल." पल्स म्हणजे विजेचा छोटा ठोका; एका ठोक्याला मोटर ठरावीक थोडी फिरते. जुळलंही. पहिला जॉब अचूक आला. दहाव्या जॉबला होल 0.2 मिमी सरकलं, आणि अलार्म एकही नाही. कपलिंग उघडलं, चावी बदलली, प्ले तीनदा मोजला. तीन दिवस गेले. गिऱ्हाईक रोज संध्याकाळी येऊन गुपचूप उभं राहायचं, आणि त्यांच्या तोंडाकडे मला बघवायचं नाही.

चौथ्या दिवशी टेबलाला डायल (सरकणं मोजणारं काट्याचं गेज) लावला. सावकाश फीडनं पन्नास वेळा पुढं-मागं केलं, काटा शून्यावर. मग तेच रॅपिडनं, म्हणजे न कापता सगळ्यात जास्त वेगानं, केलं, आणि काटा परत आला नाही. रॅपिड होता मिनिटाला 10 मीटर, म्हणजे मोटरचे 2000 फेरे. ड्राइव्हचं कारखान्यातलं सेटिंग एका फेऱ्याला 10000 पल्स. हिशोब केला तर सेकंदाला तीन लाख तेहतीस हजार पल्स जात होते, आणि आम्ही केलेल्या ओपन कलेक्टर (एका वायरच्या साध्या) जोडणीत तो ड्राइव्ह दोन लाखांपर्यंतच घ्यायचा. वरचे पल्स त्याला दिसतच नव्हते. जेवढे मिळाले तेवढे त्यानं इमानदारीनं पूर्ण केले, मोटरचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरनंही तसंच सांगितलं. मग अलार्म कशाचा येणार?

ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक गिअरचं (एका फेऱ्याला किती पल्स हे ठरवणारं) सेटिंग बदलून एका फेऱ्याला 4000 पल्स केले. आता एका पल्सला 1.25 मायक्रॉन, जुन्या मिलिंगला हे उत्तम. त्या रात्री सलग चाळीस जॉब काढले, एकही होल हललं नाही. पुढच्या कामांत आम्ही लाइन ड्रायव्हर (जास्त वेगाचे पल्स पोचवणाऱ्या) आउटपुटचाच कंट्रोलर मागतो आणि स्पिंडलच्या व्हीएफडीपासून (मोटरचा वेग बदलणाऱ्या, वायरींत खळबळ करणाऱ्या यंत्रापासून) पल्सची वायर लांबून नेतो.

आता चौकशीचा फोन आला की मी आधी कंट्रोलर विचारतो. पल्स देतो की ±10 व्होल्ट, किती वेगानं देतो. मग स्क्रूचा व्यास, लांबी, पिच. मोटरचं नाव सगळ्यात शेवटी. काही जणांना हे लांबण लावणं वाटतं, पण चुकीची मोटर बदलायला लागणारा पैसा त्यांच्याच खिशातून जातो.

नी-ॲक्सिसला (टेबल वर-खाली करणाऱ्या भागाला) ब्रेकचीच मोटर बसवतो, यात तडजोड नाही. जुना ट्रॅपेझॉइडल (जाड आट्यांचा साधा) स्क्रू स्वतःच्या आट्यांवर थांबायचा. बॉलस्क्रू थांबत नाही, वजन त्याला उलटा फिरवतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि वीज गेली की नी खाली. गेल्या महिन्यात जालन्याला मशीन पाठवलं, तेव्हा टेबलावर बीडचा मोठा ठोकळा ठेवला, नीला डायल लावला आणि मेन स्विच सहा वेळा पाडला. सहाही वेळा काटा जागेवर राहिला, मग मशीन ट्रकवर चढवलं.