आडोशाला थांबलेली माणसं

जून लागला की घराबाहेर पडताना मी आधी आभाळाकडे बघते आणि मग पायांत चपला सरकवते. ही सवय मला अक्राने, घानाच्या राजधानीने, लावली. २०१३ मध्ये आम्ही इथे राहायला आलो तेव्हा घाना म्हणजे ऊन आणि धूळ एवढंच डोक्यात होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. अक्रात वर्षभरात पाऊस पडतो तो जेमतेम ८०० मिलिमीटरच्या आसपास. इथल्या किनाऱ्याच्या मानाने हा कोरडाच पट्टा. पश्चिमेच्या टोकाला अॅक्सिमकडे याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. तरी बुडतं ते अक्रा.

३ जून २०१५, बुधवार. संध्याकाळी पावसाने जो जोर धरला तो सुटेचना. वीज गेलेली होती, पण त्या वर्षी त्याचं कुणाला काही वाटत नसे. 'डुमसोर' हा शब्द मी भाजीच्या नावांच्याही आधी शिकले होते. 'डुम' म्हणजे विझव, 'सोर' म्हणजे पेटव. ऑफिसातून त्या दिवशी मी लवकर निघाले होते, म्हणून घरी होते. एरवी त्या वेळी मी क्वामे एन्क्रुमा सर्कल या मोठ्या चौकात ट्रोट्रो, म्हणजे इथली शेअर मिनीबस, बदलत असते.

पाऊस आला की आम्ही सगळे तिथल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली जायचो. मीही कितीदा उभी राहिले आहे. छप्पर उंच, फरशी रस्त्यापेक्षा वीतभर वर. डोक्यावरची परात खाली ठेवून बायका पदर झाडावा तसं अंगावरचं कापड झाडायच्या, पाठीवर बांधलेलं पोर पुढे घ्यायच्या. शाळेची मुलं दप्तर छातीशी धरून कडेने उभी. पावसात माणूस आणखी काय करणार? आडोसा बघणार.

त्या रात्री तिथे अशीच माणसं थांबली होती. पाणी चढत गेलं, पंपातलं इंधन पाण्यावर पसरलं, आणि दहाच्या सुमारास आग लागली. इंधन पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाणी जिथे जाईल तिथे आगही गेली. शहरात इतरत्र लोक बुडून गेले ते वेगळेच. सगळे मिळून १५० हून जास्त. राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांनी तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. ऑफिसात कितीतरी दिवस काळे-लाल कपडे दिसत होते. आमचा क्लार्क रोज सकाळी फोनमधला एक फोटो लोकांना दाखवायचा, याला कुठे पाहिलंत का म्हणून. पाचव्या दिवशी त्याने दाखवणं थांबवलं. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं अजून वाटतं.

नंतर सुरू झालं दोष देणं. ओडॉ नदी शहराच्या बऱ्याचशा भागाचं पाणी गोळा करून अलाजो, सर्कल, अग्बोग्ब्लोशीवरून कोर्ले खाडीत आणि तिथून समुद्रात नेते. खाडीकाठी ओल्ड फडामा ही भली मोठी वस्ती आहे, लोक तिला बायबलमधल्या पापी शहरांवरून 'सॉडम आणि गोमोरा' म्हणतात. नदी तिनेच अडवली असं ठरलं आणि त्याच महिन्यात महापालिकेचे बुलडोझर तिथे गेले. पुराने ज्यांचं आधीच भिजलं होतं त्यांचं उरलंसुरलंही मोडलं. काठावर बांधकाम नको हे मलाही पटतं. पण ती वस्ती नदीच्या शेवटाला आहे. वरून येणारा कचरा वरच्यांचा असतो, माझ्या गल्लीचा, माझ्या ऑफिसचा. वरच्या पाणथळीत भराव घालून बंगले उठले, तिथे त्या महिन्यात बुलडोझर गेल्याचं मी तरी पाहिलं नाही.

माझा वाटाही सांगते. इथे पाणी पिशवीत मिळतं, 'प्युअर वॉटर'. अर्धा लिटरची पारदर्शक चौकोनी उशी, वर निळी छपाई. कोपरा दातांनी तोडायचा, पिळत प्यायचं. तेव्हा एकीला २० पेसेवा, म्हणजे इथले पैसे, पडायचे. नळाचा भरवसा नाही, तहान तर लागतेच. ट्रोट्रोच्या खिडकीतून रिकामी पिशवी टाकताना मी आजूबाजूला पाहिलं होतं, कुणी बघतंय का म्हणून नाही, तर सगळेच टाकतात म्हणून.

गटारं इथे बहुतेक उघडीच, रस्त्याच्या कडेने जाणारे सिमेंटचे चर. २०१४ च्या नोव्हेंबरपासून महिन्याचा पहिला शनिवार सफाईचा ठरला. आमच्या गल्लीतली केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकणारी आंटी कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असायची. काळा गाळ, त्यात एकावर एक चिकटलेल्या पिशव्या, वहीच्या भिजलेल्या पानांसारख्या. सोडवायला गेलं तर फाटत नाहीत, ताणतात. आम्ही सगळं उपसून गटाराच्या काठावर ढीग लावायचो आणि न्यायला गाडी यायची नाही. पुढच्या पावसात तो ढीग होता तिथेच, गटारात, परत.

"मॅडम, आपण काढतो आणि पाऊस घालतो," आंटी म्हणाली होती. मग तिने स्वतःच घमेलं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि मोठ्या रस्त्यावरच्या कचरापेटीपर्यंत चालत गेली. जवळजवळ अर्धा किलोमीटर. त्या दिवसापासून आम्ही सहा-सात जणी तसंच करतो. दर शनिवारी नाही जमत. एप्रिल ते जुलै मात्र चुकवत नाही.

सर्कलला आता मोठा उड्डाणपूल आहे, २०१६ मध्ये झाला. ट्रोट्रोचा पोरगा दारात लटकून अजून तसाच ओरडतो, "सर्क, सर्क, सर्क!" गेल्या आठवड्यात उतरले आणि थेंब पडायला लागले. एक मुलगी, कॉलेजची असेल, पंपाच्या छपराकडे धावली. मी तिला हाक मारली आणि माझ्या छत्रीत घेतलं. आम्ही दोघी भिजत चढाच्या बाजूने चालत राहिलो. का, ते तिने विचारलं नाही. तिने फक्त छत्रीची दांडी माझ्या हातावरून धरली.